शैला, ते डबे गळत होते

शैला, तुला जाऊन पंधरा दिवस झाले. मी वर्कशॉपमधल्या माझ्या केबिनमध्ये बसलेय, दार लावून घेतलंय, रामदासला सांगितलंय की कुणी आलं तर तासाभराने या म्हणावं. बाहेर पत्रा कापायची प्रेस धाडधाड चालू आहे. तुला तो आवाज अजिबात सहन व्हायचा नाही. कानात कापसाचे बोळे घालून यायचीस आणि मग कुणी काही बोललं की 'काय? काय?' करत बसायचीस. तुझ्याशी कागदावर बोलायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. समोर असताना आपण कधी धड वाक्य पुरं करू दिलंय का एकमेकींना?

पण एक गोष्ट तुला सांगायची राहिलीय. आपलं भांडण झालं, त्यानंतर दुसऱ्याच दिवशी मी काहीतरी केलं. ते तुला कळायला हवं होतं. आठ महिने मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. तू गेलीस तेव्हा तुझ्या लेखी मी एक थापाडी बाई होते. हे माझ्या घशाखाली उतरत नाही. म्हणून लिहितेय. मधे मधे वाहवत जाईन, पण आता तू मधेच उठून जायची नाहीस, म्हणून भीती नाही.

आपली पहिली भेट तुला आठवत होती का गं? मला अगदी लख्ख आठवते. बाबांची नजर गेली आणि सातपूरचं हे वर्कशॉप माझ्या गळ्यात पडलं, त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली असतील. आपण पत्रा कापून, वाकवून, रंगवून विजेच्या पॅनलचे डबे बनवतो, एवढंच मला माहीत. बाई मालकीण आहे म्हटल्यावर जो येईल तो म्हणायचा, 'तुमचे बाबा तर हो म्हणाले होते.' आंधळ्या म्हाताऱ्याच्या नावावर कुणी काहीही खपवायचं. म्हणून मी एक शब्द तयार ठेवला होता. नाही. माणूस दारातून आत येतोय तोवर नाही. पोरं मागे माझी नक्कल करायची हे मला ठाऊक होतं.

तू शेजारच्या कारखान्यात स्टोअरला होतीस. आलीस आणि म्हणालीस, "मालक आहेत का?"

"मीच मालक. बोला."

"कामगारांच्या नाटकाच्या सेटला एक दरवाजा..."

"नाही जमणार."

तू हसलीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं. म्हणालीस, "आत्ता त्या प्रेसवाल्याला झापत होतीस, ते मी गेटपासून ऐकत आले. शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा आवाज आहे तुझा. दरवाजा तर करच, आणि नाटकात कामही कर. आमची एक बाई कमी पडतेय."

पहिल्या भेटीत अगंतुगं! माझ्या डोक्यात तिडीक गेली होती खरं तर. आणि तरी मी दरवाजा केला. कामही केलं. का केलं ते आजही मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा माझ्याकडे पत्र्याशिवाय काही मागितलं होतं.

तो दरवाजा! बाई गं! आम्हाला लाकडातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून आम्ही केला लोखंडी. चौकट लोखंडाची, फळी पत्र्याची, वर सागवानी रंग. चार माणसं लागली उचलायला. वर्कशॉपमध्ये लोण्यासारखा उघडत होता. रंगमंचावर मात्र चौकट उभी करताना कुठेतरी पीळ बसला, आणि माझ्या एंट्रीनंतर तो जो मिटला तो मिटलाच. मी थोरली जाऊ. मला रागाने घर सोडून निघून जायचं होतं, आणि मी गेल्यावर मागे दोघा भावांनी माझ्याबद्दलचं गुपित बोलायचं होतं. आख्खं नाटक त्या जाण्यावर उभं. मी तणतणत गेले, कडी ओढली. दरवाजा ढिम्म. परत ओढली. पुन्हा ढिम्म. पायानेसुद्धा ढकलून पाहिला.

तू विंगेत होतीस. प्रॉम्प्टर. हातात वही. मी तुझ्याकडे बघितलं. पुढचं काय ते सांग ना! आणि तू माझ्या डोळ्यांत बघत ती वही मिटलीस. मिटलीस आणि काखेत धरलीस. त्या क्षणी तुझा गळा दाबावा असं मला वाटलं होतं, हे तुला हजारदा सांगून झालंय.

मग मी वळले. तोंडातून निघालं, "जाणार होते. पण का जाऊ? हे घर माझंही आहे." धाकटा भाऊ होता आपला रामदास, तोच प्रेसवाला. त्याचं तोंड उघडं ते उघडंच. त्याला पुढचं काही येईना. शेवटी म्हणाला, "बरं... आणि मग?"

एवढंच म्हणाला बिचारा. पण त्या 'आणि मग'ने मला बोलायला लावलं. मग थोरल्याला बोलावं लागलं. जे गुपित माझ्या पाठीमागे फुटायचं होतं ते माझ्या तोंडावर फुटलं, आणि मी खरोखर रडले. बक्षीस अर्थात मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, संहितेशी फारकत घेतली आहे. मी मेकअप न पुसता तुझ्यावर धावून आले होते. "वही का मिटलीस?"

"त्या दरवाज्याबद्दल माझ्या वहीत काही लिहिलेलं नव्हतं," तू म्हणालीस. आणि पुढे, "मंगल, आज तू पहिल्यांदा समोरच्याचं ऐकून बोललीस. एरवी तू फक्त स्वतःची पाळी यायची वाट बघतेस."

मला ते झोंबलं. झोंबलं म्हणूनच लक्षात राहिलं.

त्यानंतर तू वर्कशॉपमध्ये यायला लागलीस, आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी. मशिनं बंद, म्हणून तुला बरं वाटायचं. चहा आणि एकेक वडापाव माझ्याकडून, खेळ तुझ्याकडून. नाटकाची तालीम म्हणून सुरू झालं आणि नाटक राहिलं बाजूला. तुझे नियम दोनच. समोरचा जे देईल ते आधी घ्यायचं, 'बरं, आणि मग?' म्हणायचं, नाही म्हणायचं नाही. आणि काय बोलू सुचलं नाही तर पहिलं वाक्य खरं बोलायचं, दुसरं समोरचा देतो. सगळी पोरं माझ्याकडे बघून हसली होती. नाही म्हणायचं नाही? मग ताई बोलणार काय?

तो पत्र्याचा खेळ आठवतो? दोघांनी मिळून एक पत्रा उचलायचा, वर्कशॉपच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायचा. पत्रा मात्र नाहीच. नुसते हात. पण लांबी तेवढीच राहिली पाहिजे, वजन तेवढंच दिसलं पाहिजे. आमची माणसं दिवसभर खरे पत्रे उचलतात. त्यांनी असा काही नेला की मला त्याच्या कडा दिसल्या. एक जण थांबला की दुसरा आपोआप थांबायचा, वळताना एक जण पाय मागे घ्यायचा. मग माझी आणि रामदासची जोडी लावलीस. मी पुढे, तो मागे. मी आपली तरातरा निघाले. दहा पावलांवर बघते तर सगळे पोट धरून हसतायत. रामदास तिकडेच उभा, आणि मी वळून त्याला झापायला म्हणून परत गेले ती सरळ पत्र्यातून आरपार चालत.

"ताई, कापला असता तुम्हाला!" रामदास म्हणाला.

तू हसली नाहीस. मला बाजूला घेऊन म्हणालीस, "तुला मागे कोण आहे हेच माहीत नसतं गं." सोळा माणसांचं वर्कशॉप चालवत होते मी.

तुझ्या खेळांनी माझा धंदा वाढला असं मी चारचौघांत सांगायचे, तेव्हा तू ओशाळायचीस. पण खरंच होतं ते. नामपूरच्या नानांची गोष्ट तुला पाठ होती, तरी पुन्हा सांगते. त्या सकाळी रामदासने डब्यांच्या दीडशे दारांवर हवेच्या फटी चुकीच्या बाजूला मारल्या होत्या. दीडशे! मी तोंड उघडणार, तेवढ्यात नाना दारात. नामपूरचे कांदेवाले. डोक्याला टोपी, हातात पिशवी. कुणीतरी आमचा पत्ता चुकीचा सांगितलेला, त्यांना हवी होती वजनकाट्याची दुरुस्ती. पूर्वीची मी असते तर दोन शब्दांत बाहेर काढलं असतं. पण नानांची नजर त्या बिघडलेल्या दारांवर पडली.

"हाई काय शे?" नाना म्हणाले.

"चुकलेला माल आहे, नाना."

त्यांनी एक दार उचललं, उजेडाकडे धरलं, फटींतून फुंकर मारून बघितली. "वारा जास बरं यामाईन."

यातून वारा जातो म्हणे! माझ्या ओठांवर 'नाही' आलं होतं, शैला. मी ते गिळलं आणि म्हणाले, "बरं, आणि मग?"

मग नाना बसले. चहा झाला. कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, खालून वारा लागला नाही की कांदा कसा सडतो, बांबूच्या पट्ट्या कशा दोन वर्षांत जातात, ते सांगत राहिले. मी ऐकत राहिले. रामदास हळूच म्हणाला, हा पत्रा गंजेल, जस्ताचा घ्यावा लागेल, आणि फट जरा बारीक. त्याने चुकवलेल्या कामातूनच तो बोलत होता, आणि मी त्याला बोलू दिलं. आज आमचं निम्मं काम कांदाचाळीच्या जाळीचं आहे. बागलाणातली गावं मला नावानिशी पाठ आहेत. नानांना वजनकाटेवाल्याचा पत्ता द्यायचा राहूनच गेला, तो मी पुढच्या खेपेला दिला.

माझी माणसं बोलायला लागली, ही कमाई तर मी तुला कधी बोलून दाखवलीच नाही. आधी चूक झाली की लपवायची. आता माझ्यासमोर आणून ठेवायची. तू मला मालकीण केलंस गं. त्याआधी मी फक्त बाबांच्या खुर्चीत बसत होते.

आणि मग मी तेच सगळं घेऊन काय केलं!

त्या दिवशी तू सुट्टी नसताना आली होतीस, वाटेवर होतीस म्हणून. दाराजवळच्या स्टुलावर बसलीस. आत बाहेरगावच्या एका मोठ्या कंपनीची इंजिनिअर मुलगी माल तपासायला आली होती. शेतातल्या पंपांसाठी चारशे डबे. उघड्यावर, पावसात उभे राहणारे. अशा डब्यांवर पाण्याचा फवारा मारून आत थेंब जातो का ते बघावं लागतं. नेहमी बघतो आम्ही. पण त्या खेपेला दाराला लावायचं रबर नेहमीचं मिळालं नाही, दुसरं घेतलं, घाई झाली, चाचणी राहिली. निम्मा माल आदल्या दिवशी रवानाही झाला होता.

"या लॉटची पाण्याची चाचणी झाली?" तिने विचारलं.

"झाली की," मी म्हणाले.

बस. तिथे मी थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण रामदासने लगेच उचललं, "आणि मग मॅडम, तासभर फवारा चालू ठेवला." रंगवाला म्हणाला, "आणि त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, टँकर मागवला ताईंनी." एकाने दिलं की दुसरा घेत होता. कुणी कुणाला अडवत नव्हतं. इतकी सुंदर जुळणी तुझ्या खेळातही कधी झाली नव्हती. तिने रजिस्टर मागितलं. मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "रजिस्टर भिजलं ना मॅडम, चाचणीतच!"

सगळे हसले. तीसुद्धा हसली. आणि तिने सही केली.

ती गेल्यावर मी तुझ्याकडे आले. शपथेवर सांगते, मला वाटलं होतं तू पाठ थोपटशील. मी चक्क म्हणाले, "बघितलंस? एक वाक्य ठरवलेलं नव्हतं!"

तू कानातले बोळे काढून मुठीत धरले होतेस. ओठ पांढरे पडले होते तुझे. "त्या पोरीने तिकीट काढलं नव्हतं, मंगल."

"म्हणजे?"

"आपण नाटक करतो तेव्हा समोरच्याला ठाऊक असतं की नाटक चाललंय. तो तिकीट काढून, कबूल होऊन बसतो. तिला कुठे ठाऊक होतं? मी तुम्हाला ऐकायला शिकवलं. तुम्ही त्यातून फसवायचं शिकलात. आणि तो डबा उद्या कुणाच्या तरी बांधावर पावसात उभा असेल. ओल्या हाताने उघडेल तो माणूस. त्याला काय सांगशील? रजिस्टर भिजलं?"

उत्तर नसलं की मी काय करते ते तुला माहीतच होतं. मी ओरडले. एक तारखेला पगार घेणाऱ्या बाईने मला धंदा शिकवू नये, म्हणाले. एवढ्यावर भागलं नाही. मी म्हणाले, "तुझा आख्खा जन्म दुसऱ्याची वाक्यं वहीत बघून कुजबुजण्यात गेला. स्वतः कधी उजेडात उभी राहिलीस?"

प्रेस बंद होती नेमकी. सगळ्यांनी ऐकलं. तू पिशवी उचललीस, रामदासला 'येते रे' म्हणालीस आणि गेलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस. ते वाक्य मी कुठून आणलं गं? कुणी दिलं मला? आजही मी भाजी चिरताना, गाडी चालवताना ते आठवलं की मोठ्याने 'शी!' म्हणते. परवा सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला दचकला.

तर आता ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी आणि रामदास वर्कशॉपवर आलो. उरलेल्या मालातले दहा डबे मागच्या मोकळ्या जागेत मांडले आणि नळी लावली. आम्ही दोघं चिंब. मग एकेक दार उघडलं. पहिले तीन कोरडे. मला वाटलं, सुटलो. चौथ्याच्या तळाशी पाणी होतं. दहातले चार गळत होते, शैला. एकात वाटीभर पाणी साठलं होतं. रामदासने नळी बंद केली.

कंपनीला काय सांगायचं याच्या मी तीन गोष्टी रचल्या. रबरवाल्याने फसवलं, ही पहिली. आम्ही पुन्हा चाचणी घेतली त्यात कळलं, ही दुसरी. तिसरी तर इतकी फर्मास होती की तीच सांगावी असं वाटत होतं. कागदावर लिहूनही काढली. मग फोन लावला आणि कागद उलटा ठेवला. पहिलं वाक्य खरं बोलायचं. "मॅडम, काल मी तुमच्याशी खोटं बोलले. चाचणी झालीच नव्हती. आज घेतली, दहातले चार गळतायत."

ती म्हणाली, "आणि रजिस्टर?"

"नव्हतंच."

"मी हसले होते हो त्याच्यावर," ती म्हणाली.

ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. पोरगी ओरडली नाही. 'तुमच्यावर विश्वास ठेवून मी सही केली,' म्हणाली, आणि तिला तिच्या वरच्यांना काय तोंड द्यावं लागणार ते सांगत राहिली. मी ऐकलं. मधे एकदाही बोलले नाही. तू असतीस तर तुला खरं वाटलं नसतं. सगळा माल आम्ही परत आणला. एकही डबा बसवला गेला नव्हता, एवढी देवाची कृपा. कंपनीने आमचं काम बंद केलं ते आजतागायत. मागे आता फवाऱ्याचा पक्का हौद बांधलाय आणि रामदास रोजचं रजिस्टर लिहितो. माझी सही त्याच्या खाली असते.

हेच तुला सांगायचं होतं. यात न सांगण्यासारखं काय होतं, सांग बरं? आधी वाटलं, तू म्हणशील, बघ, मी म्हटलं नव्हतं? तू असं कधीच म्हणाली नसतीस, हे मला तेव्हाही माहीत होतं. मग वाटलं, कंपनी परत येऊ दे, मग जाईन. काहीतरी चांगलं हातात घेऊन जाईन. आणि खरं सांगू? डब्यांचं सांगायला आले असते तर त्या वाक्याचीही माफी मागावी लागली असती. ती मागायला जीभ उचलत नव्हती. डब्याचं रबर बदलता येतं. तुला जे बोलले ते कसं बदलू?

आणि एकदा द्वारका चौकात आपण भेटलो. भेटलो कसल्या! मी टेम्पोत, तू शेजारच्या रिक्षात. द्वारकेचा तो नेहमीचा चक्का जाम, पुढे एस.टी. आडवी, मागे ट्रक, सगळे हॉर्न वाजवतायत. इतक्या जवळ होतीस की हात बाहेर काढला असता तर तुझ्या खांद्याला लागला असता. तू मला बघितलंस. नजर वळवली नाहीस. भुवया जराशा वर उचलल्यास, काय गं, अशा. आख्खं रामायण सांगून झालं असतं इतका वेळ तिथे गाड्या हलत नव्हत्या. मी फोन काढला. फोन आलेला नव्हता. कानाला लावला आणि 'हां, हां, बोला' करत बसले. तुला कळलंच असणार. नाटकी बोलणं तू शंभर हातांवरून ओळखायचीस. मग एस.टी. हलली आणि तुझी रिक्षा पुढे गेली. ते शेवटचं.

तू गेलीस तेव्हा मी नामपूरला चाळीच्या कामावर होते. फोन लागला तोवर सगळं आटोपलं होतं. मग तुझ्या घरच्यांना भेटायला जायचं, तर पाय उचलेना. रोज सकाळी साडी नेसायची आणि वर्कशॉपला निघून यायचं. तुझ्या नवऱ्यासमोर काय म्हणून उभी राहणार होते? भांडलेली मैत्रीण म्हणून? शेवटी परवाच्या दिवशी रामदासच म्हणाला, "ताई, आज तरी चला." गेलो. लोक बोलत होते, किती शांत होत्या, किती सोसलं. मला मधेच उठून सांगावंसं वाटलं की शांत कसल्या, माझ्याशी तासतास भांडायची ती. जेवणाला बसलो. तुझ्या नवऱ्याने स्वतः वाढलं मला.

जिन्यावरून उतरताना मी रामदासला म्हणाले, "शैलाला डब्यांचं कळलंच नाही रे. तिच्या लेखी मी तशीच राहिले."

रामदास जिन्यात थांबला. खाली बघत म्हणाला, "ताई, मी सांगायला आलो होतो. माल परत आणला त्याच आठवड्यात. इथेच, वर."

"मग?"

"मी म्हटलं, आमच्या ताईंनी काय केलं माहितीये का. तर त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, थांब. तू नको सांगूस. तिला येऊन सांगू दे. तू सांगितलंस तर तिला यायला काही कारणच उरणार नाही."

मी वळून वर तुझ्या दाराकडे बघितलं.

"नंतर मला फोन करायच्या अधूनमधून. बाकी काही नाही. निघाली का रे मंगल, एवढंच विचारायच्या. तुम्हाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती."

सातपूरहून तुझं घर वीस मिनिटांवर, शैला. आठ महिने तू वाट बघितलीस. आणि मी आले ती तेराव्याला, जेवायला.